रातोरात पाया खणणाऱ्या साहेबांस अनावृत पत्र

माननीय बंगलेमालक साहेब,



वास्तुशांतीची पत्रिका पोचली. कागद जाड, छपाई देखणी. वर नाशिकच्या त्रिरश्मी डोंगराचं रेखाचित्र, त्यात लेण्यांची काळी तोंडं, खाली सोनेरी अक्षरांत बंगल्याचं नाव आणि त्याखाली ‘पांडवलेण्यांच्या पवित्र सान्निध्यात’. या सान्निध्याचे तुम्ही चौरस फुटामागे जादा पैसे मोजलेत, हे तुम्हीच सांगितलं होतं. एवढे पैसे मोजल्यावर ते सान्निध्य मुळासकट उपटून घ्यायचा हक्क तुम्हाला नाही तर कुणाला?

जाहीर पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की तुमच्या कार्यक्षमतेचं कौतुक चार लोकांसमोर व्हावं. आठवत असेल, पायाची आखणी व्हायच्या आधी आम्ही काही शेजारी तुमच्याकडे आलो होतो. बरोबर पुरातत्त्वाचे एक अभ्यासक होते. मागणी किरकोळ होती: मशीन लावण्यापूर्वी प्लॉटमध्ये दोन चाचणी चर घेऊ द्या. रीतसर परवानगीचा अर्ज त्यांची संस्था करणार, मजूर त्यांचे, खर्च त्यांचा, चर बुजवून जमीन पूर्वीसारखी करून देणंही त्यांच्याकडे. तुमच्याकडून जमीनमालक म्हणून संमतीची एक सही हवी होती. तुम्ही चहा पाजलात, इतिहासाचा आपल्याला फार अभिमान असल्याचं सांगितलंत आणि म्हणालात, सोमवारी सही देतो. रविवारी रात्री जेसीबी आला. सोमवारी सकाळी आम्ही हजर झालो तेव्हा पुरुषभर खोल खड्डा तयार होता, काठावर लिंबू-मिरची बांधलेली होती आणि तुम्ही खिशातून पेन काढून सही करत होता. शब्दाला जागणारी माणसं हल्ली दुर्मीळ झाली आहेत हो.

तुम्ही तपासण्यांना घाबरणारे नाही, हेही इथे नमूद केलं पाहिजे. बोअरच्या आधी पाणाड्या आला, तळहातावर नारळ ठेवून प्लॉटभर फिरला. तो नारळ जिथे उभा राहिला तिथे तुम्ही चुन्याची फुली मारलीत. वास्तुतज्ज्ञांनी होकायंत्र लावून ईशान्य कोपरा हलका ठेवायला सांगितला, तो ठेवलात. गुरुजींनी मुहूर्त काढला, पाळलात. स्ट्रक्चरल इंजिनिअरने माती परीक्षणासाठी एक खड्डाही घेतला. जमीन किती वजन पेलेल हे त्या खड्ड्यात उतरून पाहिलं गेलं, अहवाल आला, त्याचे पैसे तुम्ही निमूटपणे दिलेत. म्हणजे खड्डा खणून आधी बघायचं असतं, ही कल्पना तुम्हाला नवी नव्हती. त्याच खड्ड्याच्या भिंतीकडे एका जाणत्या माणसाने तासभर बघायचं म्हटल्यावर मात्र तुमचं बांधकाम लांबत होतं.

चाचणी चर म्हणजे काय भानगड असते, हे आता पाया भरून झाल्यावर ऐकायला तुमची हरकत नसावी. खुंट्यांना सुतळी ताणतात, मीटर-दीड मीटर रुंदीचा पट्टा आखतात. वरच्या मातीसाठी मशीन लावलं तरी दात नसलेलं सपाट बकेट लावून, पातळ पातळ पापुद्रे खरवडत. शेजारी एक माणूस उभा असतो, त्याने हात वर केला की मशीन थांबतं. पुढचं काम करणी आणि कुंच्याचं. निघालेली माती चाळणीतून जाते, कारण मणी किंवा शिशाचं नाणं फावड्याला दिसत नाही. मुरूम लागला की चराचा तळ स्वच्छ खरवडतात. पिवळट मुरमात काळसर मातीचा गोल डाग दिसला, तर तो कुजून गेलेल्या लाकडी खांबाचा खळगा असू शकतो. असे डाग ओळीने, ठरावीक अंतरावर आले, तर तिथे छप्पर होतं असं म्हणता येतं. चराच्या उभ्या भिंतीत थर दिसतात: नांगरटीची माती, डोंगरावरून वाहून आलेला गाळ, राखेचा पट्टा, चोपलेली जमीन. प्रत्येक थराला क्रमांक, फोटो, मापं, रेखाटन. काहीच मिळालं नाही तर ‘काही नाही’ असं लिहून चर बुजवतात आणि मालक आपलं घर बांधायला मोकळा.

तुमच्या मशीनची पद्धत यापेक्षा कितीतरी वेगवान होती. दातेरी बकेट एकदा खाली गेलं की वरचा थर, मधला थर आणि मुरूम एकाच घासात ट्रॉलीत. रात्री हॅलोजनच्या उजेडात ड्रायव्हरला काय दिसणार? आणि दिसलं तरी त्याला थांबायला सांगणारं बाजूला कोण होतं?

आता तुम्ही म्हणाल, आमचं सगळं कायदेशीर आहे. अगदी मान्य. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८ चा, त्याला २०१० मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन बांधायचं. तुमच्या आर्किटेक्टने टेप लावून मोजलं आणि प्लॉट ३०० मीटरच्या रेघेबाहेर निघाल्याचे पेढे तुम्ही वाटलेत, आम्हीही खाल्ले. दोन हजार वर्षांपूर्वीचे भिक्षू पाण्याला, सरपणाला, भिक्षेला ३०० मीटरच्या पलीकडे पाऊल टाकत नसत, असं कायद्याने गृहीत धरलं आहे, त्याला तुम्ही तरी काय करणार? आत बांधलं असतंत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कैदेची भानगड सोडली तर ही रक्कम तुमच्या मॉड्युलर किचनच्या एका भिंतीतही बसली असती.

आणखी एक जुना कायदा आहे, १८७८ चा. जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर कलेक्टरांना कळवायचं. तुम्ही कळवलं नाहीत, कारण तुम्हाला काही सापडलं नाही. सापडलं नाही, कारण बघितलं नाही. कायदा पाळण्याची इतकी स्वस्त युक्ती वकिलालाही सुचली नसती.

साहेब, लेण्यांच्या आसपास जमीन घेणारे तुम्ही पहिले नाही. तुमच्या बाल्कनीतून ज्या डोंगराचे फोटो तुम्ही रोज सकाळी ग्रुपवर टाकता, त्याच्या दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या एका गृहस्थाचे लेख आहेत. क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई. म्हणजे वजन म्हणाल तर तुमच्या मेहुण्याच्या ओळखीच्या आमदारांपेक्षा थोडं अधिकच. त्याने शहराच्या सीमेवर, वायव्येच्या बाजूला, एक शेत विकत घेतलं. कुणाकडून? वाराहीचा मुलगा अश्वभूती नावाच्या ब्राह्मणाकडून. मालकी कशी आली? ते शेत अश्वभूतीला वडिलांकडून आलेलं होतं. किंमत? ४,००० कार्षापण. कशासाठी? लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षूंच्या जेवणासाठी. विकणारा, घेणारा, मालकीचा आधार, दिशा, रक्कम, हेतू, सगळं दगडात कोरून ठेवलं आहे. तुमच्या खरेदीखतात रक्कम तरी खरी लिहिली आहे का, हे मी विचारत नाही.

याच उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवी म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत काढायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी. आणि हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दफ्तरात नोंदवला, असंही खाली लिहिलं. राजाचा जावई असून त्याने रविवारी रात्री काही उरकून घेतलं नाही.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आला, नहपानाचा पाडाव झाला, जमिनी हातबदल झाल्या. तिसऱ्या लेण्यात त्याचा आदेश आहे. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला तो कळवतो, की पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिलं आहे. सोबत अटी: राजाच्या लोकांनी त्या शेतात शिरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, आणि मिठासाठी तिथे खणायचं नाही. राजाने आपल्याच नोकरांना घातलेली ही खणायची बंदी सुमारे १,९०० वर्षं दगडावर शाबूत आहे. तुमच्या जेसीबीच्या ड्रायव्हरला ब्राह्मी वाचता येत नाही, हा त्याचा दोष नव्हे.

सहा वर्षांनी याच राजाच्या लक्षात आलं, की दिलेलं एक शेत कुणी कसत नाही आणि ते गावही ओस पडलं आहे. मग त्याने राजमाता आणि आपल्या नावाने दुसरा आदेश काढला: शहराच्या सीमेवरच्या आमच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तनं द्या. त्यालाही तेच संरक्षण. म्हणजे आधी दिलेल्या जमिनीचं पुढे काय झालं, हे बघण्याची पद्धत होती. ‘शहराच्या सीमेवर’ एवढंच लेखात आहे, गट नंबर नाही. ओस पडलेली गावं, सीमेवरची शेतं, लेण्यांसाठी राबणाऱ्या माणसांची घरं डोंगरात कोरलेली नाहीत. ती असलीच तर खाली मातीत, आपल्यासारख्यांच्या प्लॉटमध्ये. डोंगर फोडणारे पाथरवट कुठे राहत होते? त्यांच्या छिन्न्यांना धार लावणाऱ्या लोहाराची भट्टी कुठे पेटत होती? इथल्या एका लेण्याचा दाता मुगुदास नावाचा कोळी आहे. त्याच्यासारख्या माणसाच्या घरात कोणती भांडी होती? लेख दात्यांची नावं सांगतात. चुलींबद्दल सांगतो तो राखेचा पट्टा, आणि तो तुम्ही ट्रॉलीत भरलात की नाही हे आता तुम्हालाही सांगता येणार नाही.

त्या सोमवारी तुमच्या खड्ड्याशेजारच्या ढिगात मला खापराचा एक तुकडा दिसला. तळहाताएवढा, काठ किंचित बाहेर वळलेला, बाहेरून तांबूस, आतून काळा. असे दोन रंग येतात, कारण भांडं भट्टीत पालथं रचतात. आत हवा पोचत नाही तो भाग काळा राहतो, बाहेरचा लाल भाजतो. आमच्याबरोबरच्या अभ्यासकांनी तो हातात फिरवून बघितला आणि खाली ठेवला. मी विचारलं, जुना आहे का? ते म्हणाले, घडणीवरून काळ ठरवता येईल, पण हा कोणत्या थरात होता ते सांगा; घराच्या जमिनीवर होता, उकिरड्यात होता की वरून वाहून आला होता? तुम्ही तेव्हा बाजूलाच उभे होता आणि म्हणालात, ‘घेऊन जा की, अजून पाहिजेत तर ट्रॉलीभर देतो.’ दिलदारपणाला तोड नाही. बँकेचं पासबुक फाडून त्यातले सुटे आकडे मूठभर वाटावेत, तशी ती ट्रॉली होती.

गंमत अशी, की ज्या जमिनीत काही निघणार नाही म्हणून तुम्ही पैज लावायला तयार होता, त्या परिसराचा पूर्वेतिहास तसा बरा नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून जास्त नाणी, आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. कुणी कुणाचं राज्य घेतलं, हे लेण्यातल्या लेखात वाचलं होतं. इथे ते नाण्यानाण्यावर दिसलं. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या मातीच्या गढीत खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून मुस्लिम-मराठा काळापर्यंतची वस्ती एकावर एक थरांत मिळाली. अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, त्रिरश्मीवर पावसाळ्याआधी पाण्याच्या चरांची साफसफाई चालू असताना आणखी तीन लेणी उजेडात आली. इतकी वर्षं माणसं ज्या डोंगरावर सहलीचे डबे खात होती, त्याच डोंगरावर! साफसफाई करणाऱ्यांनी गाळ काढताना डोळे उघडे ठेवले, एवढंच त्यांचं चुकलं.

आणि समजा, तुमच्या प्लॉटमध्ये खरंच काही निघालं नसतं. तरी तो चर फुकट गेला नसता. इथे वस्ती नव्हती, हेही कुणीतरी नोंदवावं लागतं. त्याशिवाय वस्ती कुठे थांबत होती हे नकाशावर येत नाही. रिकाम्या चराचा अहवाल दोन पानांचा झाला असता आणि तुमच्या नावावर लागला असता. आता त्या जागी नकाशावर ‘काही नाही’ असंही लिहिता येत नाही आणि ‘काही होतं’ असंही नाही. उत्खनन करणाराही थर उचकटतोच, पण उचकटण्याआधी आणि उचकटताना लिहून ठेवतो. तुम्ही त्यातलं लिहिणं तेवढं वगळलंत.

आयर्लंडमध्ये तर भलतीच जाचक पद्धत आहे म्हणे. तिकडे सहाव्या शतकातल्या क्लॉनमॅकनॉइजसारखे ख्रिस्ती मठ आहेत, आणि गावोगावी अशा कितीतरी लहान मठांच्या खुणा शेतांत आहेत. अशा मठाजवळ एखाद्या शेतकऱ्याला मुलासाठी साधं घर बांधायचं असलं, तरी परवानगी देताना प्रशासन अट घालू शकतं: आधी परवानाधारक पुरातत्त्वज्ञाकडून चाचणी चर घ्या, अहवाल द्या, मग पाया खणा. खर्च घर बांधणाऱ्याचा. काही निघालंच तर पाया सरकवतात, जोत्याची रचना बदलतात, नाहीतर रीतसर उत्खनन करून मग बांधतात. बहुतेक घरं शेवटी उभी राहतातच. आपल्याकडे मात्र बांधकाम परवानगीच्या अर्जात पार्किंगचा रकाना आहे, पावसाचं पाणी जिरवण्याचा आहे, सोलर हीटरचा आहे. रेघेबाहेरच्या जमिनीखाली काय आहे, हे विचारणारा रकाना काही माझ्या पाहण्यात आला नाही. तो नसल्याचा फायदा तुम्ही एकट्याने घेतला असं नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे पाये असेच भरले आहेत आणि तेव्हा आम्हीही भूमिपूजनाचे पेढे खाऊन घरी गेलो. पण त्या घरमालकांकडे कुणी आधी जाऊन विचारलं नव्हतं. तुमच्याकडे विचारायला आलो होतो, चहा घेऊन गेलो होतो, म्हणून हे पत्र तुम्हाला.

बंगला सुंदर झाला आहे, हे मात्र कबूल केलंच पाहिजे. दर्शनी बागेत कारंज्याच्या मधोमध फायबरची बुद्धमूर्ती बसवली आहे, डोळे मिटलेली, रात्री निळ्या दिव्यात उजळणारी. दिवाणखान्यात ब्राह्मी अक्षरांचा वॉलपेपर आहे. तो छापणाऱ्याने काही अक्षरं उलटी लावली आहेत, पण पाहुण्यांना शोभा दिसल्याशी कारण. इतिहासाचा अभिमान म्हणतात तो हाच असावा. दुकानातून आणला तरी चालतो, जमिनीतून निघाला की अडचण होते.

आता मुद्द्याचं. मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव व्हायचा आहे, असं तुमच्या वॉचमनने सांगितलं. आखणी झाली आहे, खोदाई वास्तुशांतीनंतर. साहेब, त्या सोमवारी तुम्ही जी सही दिलीत ती अख्ख्या प्लॉटसाठी आहे; अर्जात गट नंबर आहे, बंगल्याचा पाया नाही. तो कागद अभ्यासकांच्या संस्थेकडे सुरक्षित आहे आणि परवानगीसाठी त्यांनी तो पुढे पाठवला आहे. तुम्ही शब्दाला जागणारे, सही फिरवण्याचं तुमच्या मनातही येणार नाही. तेव्हा परवानगी येईपर्यंत मागचं अंगण आहे तसं ठेवावं. चर दोनच घ्यायचे आहेत, तलावाच्या आखणीतच बसतील, त्यामुळे तेवढी खोदाई तुमचीही वाचेल. मुहूर्त तुमच्या गुरुजींनी काढावा, आमची हरकत नाही. पाणाड्यालाही बोलवा. फक्त रविवारी रात्री मशीन बोलावू नका. या वेळी शनिवारपासूनच तुमच्या गेटसमोर खुर्च्या टाकून बसायचं आम्ही शेजाऱ्यांनी ठरवलं आहे, आणि चहा आमचा आम्ही आणू.

वास्तुशांतीला जरूर येतो. आहेर म्हणून सांकळिया-देवांच्या नाशिक उत्खननाच्या अहवालाची झेरॉक्स आणतोय. इंग्रजीत आहे, पण चित्रं भरपूर आहेत.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक शेजारी

ता. क.: खड्ड्यातून निघालेली माती तुम्ही भरावासाठी कोणत्या लेआउटला विकलीत, त्या जागेचा पत्ता कृपया लेखी द्यावा. पैशांचा हिशेब नको. पुढेमागे एखाद्या होतकरू अभ्यासकाने तिथे चर घेतला, तर लेण्यांच्या काळातली वस्ती भलत्याच गावात सापडल्याचा प्रबंध तो लिहून बसेल आणि त्यावर त्याला पीएचडीही मिळून जाईल. एवढं पाप तरी आपल्या दोघांच्या माथी नको.